‘चमत्कारच झाला म्हणायचा!’ : हा शब्द आपण कुठे वापरतो आणि कुठे वापरू नये?

रानजाई (धागाकर्ती)

मी सरकारी रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे. दिवस न भरलेली, कमी वजनाची बाळं आमच्याकडे येतात. काही तर किलोच्याही आतली. त्यातलं एखादं महिना-दोन महिने काढून घरी निघालं की आजी किंवा मावशी हमखास म्हणतात, "सिस्टर, चमत्कारच झाला म्हणायचा!" त्यांचा आनंद खरा असतो, आमचाही असतो. तरी तो शब्द मला पुरता पटत नाही. का पटत नाही ते लिहिते. तुम्ही हा शब्द कधी, कशासाठी वापरता तेही ऐकायचं आहे.

आधी थोडं कामाचं. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची खरी अडचण बहुतेक वेळा फुप्फुसांची असते. फुप्फुसातल्या बारीक हवेच्या पिशव्यांना आतून एक स्निग्ध लेप असतो, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो असला की श्वास सोडल्यावर पिशव्या मिटून एकमेकींना चिकटत नाहीत. हा लेप दिवस भरत येतील तसा तयार होतो. बाळ आधीच आलं तर तो पुरेसा नसतो आणि मग प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो. बाळ कण्हतं, बरगड्या आत ओढल्या जातात, आणि काही तासांत ते दमून जातं.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोंच्या वर होतं. जगातली सगळी साधनं ज्या घराच्या हाताशी होती, त्या घरातलं ते बाळ दोन दिवसही जगलं नाही. आज तेवढ्या वजनाचं, तेवढ्या दिवसांचं बाळ आमच्यासारख्या साध्या कक्षात आलं तर बहुतेक वेळा आईबरोबर घरी जातं.

मधल्या काळात काय झालं ते सांगते. या बाळांच्या फुप्फुसांत तो लेप नसतो हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं, पण त्यावर करायचं काय हे कुणाला माहीत नव्हतं. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिल्यावर वेळेआधी जन्मलेली कोकरं, जी जगायलाच नको होती, ती श्वास घेताना त्यांना दिसली. १९७२ मध्ये त्यांनी आणि डॉ. हॉवी यांनी गरोदर बायकांमध्ये तो उपाय चालतो हे दाखवून दिलं. १९८० मध्ये जपानच्या डॉ. फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसांतून तयार केलेला लेप बाळांच्या श्वासनलिकेत सोडला. त्याआधी दोन वर्षं, कोलंबियातल्या बोगोटामध्ये बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आज आपण वापरतो ती कांगारू पद्धत.

यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं घातलेलं आहे. शेवटच्या पायरीवर रात्रपाळीची सिस्टर असते, दर दोन तासांनी नळीतून मोजून दूध देणारी. आणि टाके ओले असताना तासन् तास एकाच जागी बाळ छातीशी धरून बसलेली आई असते. ‘चमत्कार’ म्हटलं की ही सगळी माणसं एका क्षणात पुसली जातात.

दुसरं कारण मला जास्त लागतं. कक्षाच्या बाहेर त्याच बाकावर अशी आई बसलेली असते जिचं बाळ आदल्या रात्री गेलं. तिच्या कानावर हा शब्द पडतो तेव्हा तिला एवढंच ऐकू येतं की यांच्यावर कृपा झाली आणि माझ्यावर नाही झाली. त्या बाईने कमी माया केलेली नसते. तिने कमी नवसही केलेले नसतात.

तर तुमचं मत काय?


शब्दवेल्हाळ

रानजाई ताई, तुमच्या कामाला आधी मनापासून नमस्कार. मी निवृत्त मराठी शिक्षक. शब्दाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण मला वाटतं त्या आजीची बाजू शब्दाच्या इतिहासात भक्कम आहे.

संस्कृतात ‘चमत्’ हा अचंबा वाटल्यावर तोंडातून सहज निघणारा उद्गार आहे, आपलं ‘अहाहा’ किंवा ‘अगंबाई’ असावं तसा. तो उद्गार काढायला लावतं ते चमत्कार. मूळ अर्थात देव नाही, सिद्धी नाही, निसर्गाचे नियम मोडणं तर नाहीच. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरचे अभिनवगुप्त रसाची चर्चा करताना, नाटक पाहणारा माणूस स्वतःला विसरून ज्या आस्वादात बुडतो त्याला चमत्कार म्हणतात. शहाजहानच्या दरबारी राहिलेले जगन्नाथ पंडितही कवितेचा आनंद रोजच्या आनंदाहून वेगळा कशामुळे होतो हे सांगताना याच शब्दावर येतात. मुलगा झाल्याची किंवा धन मिळाल्याची बातमी ऐकून होणारा आनंद वेगळा आणि कवितेचा वेगळा, असं त्यांनी स्पष्ट केलं आहे. आजही समीक्षक ‘चमत्कृती’ म्हणतात ती याच घरची.

आता बोलीत बघा. ‘चमत्कारिक’ म्हटलं की त्यात देवत्वाचा लवलेश उरत नाही. चमत्कारिक माणूस म्हणजे विक्षिप्त. खोलीत चमत्कारिक वास येतो, पोटात चमत्कारिक होतं, कुणी चारचौघांत भलतंच बोललं की परिस्थिती चमत्कारिक होते. पाहुणे आले की ‘नमस्कार-चमत्कार’ होतात आणि मग गप्पा सुरू होतात. रागावलेले वडील पोराला म्हणतात, "थांब, दाखवतो तुला चमत्कार." बऱ्याच वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या मित्राला आपण म्हणतो, "अरे, आज इकडे कुठे? चमत्कारच!" एवढ्या सगळ्या ठिकाणी हा शब्द रोज राबतो. ‘चमत्कारी’ मात्र वेगळा. तो तेलाच्या, अंगठीच्या आणि बाबांच्या जाहिरातीत भेटतो. एका अक्षराचा फरक, पण ‘चमत्कारिक बाबा’ आणि ‘चमत्कारी बाबा’ यांच्याकडे जाणारी माणसं एक नसतात.

तेव्हा आजी जे म्हणते तो मला उद्गार वाटतो, दावा वाटत नाही. तिच्या तोंडातला ‘चमत्’ ऐका.


वऱ्हाडवाट

आमच्या इकडे म्हाताऱ्या बाया ‘नवलच झालं माय’ म्हणतात. आजारी माणूस उठून बसला तरी नवल, आणि सुनेनं सासूला विचारून भाजी केली तरी नवल. ‘चमत्कार’ हा आमच्याकडे बुवाच्या मंडपातला शब्द. घरात कोणी बोलत नाही.


प्रश्नचिन्ह

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, गावोगावी शाळांत प्रयोग दाखवतो. शब्दवेल्हाळ सरांचं विवेचन आवडलं, पण सर, उद्गार आणि दावा यांच्यातली भिंत तुम्ही दाखवता तेवढी पक्की नाही. बुवा नेमका त्याच भिंतीतून आत शिरतो.

आम्ही शाळेत काय करतो ते सांगतो. होमकुंडात पोटॅशियम परमँगनेटची पूड आधीच ठेवलेली असते. वरून ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन सोडलं की थोड्या वेळात आपोआप जाळ होतो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा लपवला आणि पाणी शिंपडलं की नारळ पेटतो. दिव्यात कॅल्शियम कार्बाइड ठेवलं तर पाणी घालून दिवा लावता येतो, कारण पाण्यामुळे ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो जळतो. पोरं पहिल्यांदा ‘चमत्कार!’ म्हणून ओरडतात. मग आम्ही कृती सांगतो आणि त्यांनाच करायला लावतो. दुसऱ्यांदाही ती ओरडतातच, पण तो आनंद समजल्याचा असतो. तो उद्गार मला हवा आहे. सरांच्या जगन्नाथ पंडितांनाही तो चालेल असं वाटतं.

पण २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा तोंडाला लावला की पृष्ठताणामुळे दूध वर ओढलं जात होतं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरत होतं. दुधात रंग मिसळून शास्त्रज्ञांनी ते त्याच वेळी दाखवलं. तरी रांगा हटल्या नाहीत. २००६ च्या ऑगस्टमध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोक ते बाटल्यांत भरून नेत होते, लेकरांना पाजत होते. पावसाळ्यात मिठी नदीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, एवढीच गोष्ट होती. पण त्या पाण्यात शहराचं सांडपाणीही होतं. उद्गार पोटात गेला की तो नुसता उद्गार राहत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत ‘तथाकथित चमत्कार’ असा स्पष्ट उल्लेख आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणं किंवा दहशत बसवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. कायद्याने श्रद्धेला हात लावलेला नाही, लुबाडणुकीला लावला आहे. एवढं होऊनही मांडवात गर्दी असते, कारण घरात, पेपरात आणि दवाखान्यात आपण हा शब्द सैल सोडतो. माझं मत कडक आहे. दवाखान्यात तरी हा शब्द नको.


इंद्रायणीकाठ

रामकृष्णहरी. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या वारी आहे, म्हणून लिहितो. चमत्कार म्हटला की संतांकडे बोट दाखवलं जातं, पण संत स्वतः काय म्हणाले ते बघायला हवं.

तुकोबांच्या अभंगात हा शब्दच आला आहे:

कपट कांहीं एक । नेणें भुलवायाचे लोक ॥
तुमचें करितों कीर्तन । गातों उत्तम ते गुण ॥
दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी ॥

‘उठाउठी’ म्हणजे ताबडतोब, हातोहात. मला तसला चमत्कार दाखवता येत नाही, मी फक्त कीर्तन करतो. आणि नवसाबद्दल तर त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नाही: ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’. गाडगेबाबाही कीर्तनात हेच हातात खराटा घेऊन सांगत फिरले.

पण प्रश्नचिन्ह साहेब, दुसरी बाजूही तुकोबांचीच आहे. वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा तेरा दिवस डोळे मिटून बसलो, असं त्यांच्या अभंगात आहे, आणि शेवटी ‘उदकीं राखिले कागद’ असंही आहे. तो अभंग वाचला की त्यात चमत्काराची फुशारकी कुठे सापडत नाही. सुरुवातच ‘थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला’ अशी आहे. लोकांच्या बोलण्यासाठी मी देवाला तंगवलं, याचं दुःख त्यात आहे. ज्याला मिळालं तो लाजला आहे. मला हा अभंग आईच्या मांडीवर बसून ऐकल्यापासून माहीत आहे आणि अजून तो पुरता उलगडला असं वाटत नाही.

ज्ञानदेवांचंही तेच. चांगदेव वाघावर बसून आले आणि भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, हे चित्र घरोघरी आहे. महिपतींनी अठराव्या शतकात या कथा गोड करून सांगितल्या आणि आम्ही त्या डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. पण हातात आज काय उरलं आहे? चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलेल्या पासष्ट ओव्या. भिंत चालली की नाही यावर कुणी कितीही वाद घालो, त्या ओव्या कुणालाही उघडून वाचता येतात. आमच्या फडावरचे एक वृद्ध महाराज सांगायचे की माऊलींनी चौदाशे वर्षांचं वय सांगणाऱ्या योग्याला पासष्ट ओव्यांत शिष्य केलं, यापुढे भिंतीचं काय घेऊन बसलात.

म्हणून रानजाई ताईंचं पटतं. कष्टांना कष्ट म्हणावं. पण आजीला गप्पही करू नये.


रानजाई (धागाकर्ती)

शब्दवेल्हाळ सर, आजीच्या तोंडातला उद्गार मी मान्य करते, तिला मी कधी टोकणारही नाही. माझा रोख बातम्यांवर जास्त आहे. ‘अवघ्या ८०० ग्रॅमचे बाळ चमत्कारिकरीत्या बचावले’. तुम्ही सांगितलेल्या अर्थाने पाहिलं तर हे वाक्य किती विचित्र होतं बघा! आणि त्या बातमीत बाळाचं वजन असतं, डॉक्टरांचं नाव असतं, कधी पुढाऱ्याचा फोटोही असतो. सिस्टर, आया, ज्या गाडीने बाळ आलं तिचा चालक, यांच्यातलं कुणी नसतं.

प्रश्नचिन्ह, माहीमचं आठवतं. त्या दिवसांत लहान मुलांचे जुलाब म्हटलं की आमच्या पोटात गोळा यायचा.


कातळकडा

मी सह्याद्रीत डोंगर-बचावाचं काम करणाऱ्या एका गटात आहे. या धाग्यावर आमच्याकडूनही लिहायला हवं, कारण ‘दैव बलवत्तर म्हणून’ आणि ‘चमत्कार’ हे दोन शब्द आमच्या प्रत्येक कामानंतर छापून येतात.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. गाव जागेवर नाही हे आधी एसटीवाल्यांच्या लक्षात आलं. दीडशेच्या वर माणसं गेली. त्यात तीन महिन्यांचं बाळ आणि त्याची आई जिवंत सापडली. बाळाच्या रडण्याचा आवाज बचावपथकाला ऐकू आला. आता हा आवाज ऐकू कसा येतो? ढिगाऱ्यावर काम चालू असताना ठरावीक वेळाने सगळी यंत्रं बंद करतात. जेसीबी बंद, गाड्या बंद, बोलणं बंद. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि फक्त ऐकतात. वर पाऊस असतो, आजूबाजूला नातेवाईक असतात, त्यांना त्या वेळी रडूही नका असं सांगावं लागतं. हे सांगणं किती अवघड असतं ते ज्याने सांगितलं आहे त्यालाच ठाऊक. एखादी भिंत किंवा तुळई पूर्ण आडवी न होता तिरकी पडली तर तिच्याखाली पोकळी राहते. कुणी त्या पोकळीत सापडलं आणि हवा मिळत राहिली तर जगतं. आम्हाला शिकवतात ते हेच: पोकळी कुठे असेल ते आधी वाचा, मग कुदळ लावा.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर जिल्ह्यातल्या मंगरूळमध्ये दीड वर्षाची मुलगी कित्येक दिवसांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. लष्कराचा अधिकारी अरुंद वाटेने सरपटत आत गेला होता. तिची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. तो आत शिरला तेव्हा वरचे दगड हलले असते तर दोघंही गेले असते, हे मात्र सांगताना गळतं.

उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्याचं तर ताजं आहे. १२ नोव्हेंबर २०२३ ला आत अडकलेले ४१ कामगार २८ तारखेला बाहेर आले. मोठं ऑगर यंत्र शेवटच्या काही मीटरांत तुटलं. मग ज्या ‘रॅट होल’, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद वाटेने करायच्या, खाणकामावर हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंदी घातली होती, ते काम येणाऱ्या मजुरांना बोलावलं. त्यांनी पाइपात आडवं पडून हाताने माती काढली. बोगद्याच्या तोंडाशी बाबा बौखनाग देवाचं छोटं देऊळ उभारलं होतं आणि परदेशातून आलेले बोगदातज्ज्ञही तिथे गुडघे टेकून बसलेले साऱ्या देशाने पाहिले. माझं त्यावर काहीच म्हणणं नाही. आम्हीही दोर बांधण्याआधी गडाच्या देवीला नारळ फोडतो. पण नारळ फोडल्यावर गाठ पुन्हा तपासतो, आणि ती दुसऱ्याने तपासायची असा नियम आहे.

रानजाई ताई, बाकावरच्या आईचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबलो. माळीणमध्येही तेच होतं. एक बाळ सापडलं म्हणून टाळ्या वाजल्या, आणि शेजारच्याच ढिगापाशी लोक आपल्या माणसांची वाट बघत उभे होते.


म्हापशेकार

आमच्या म्हापशात तर देवीचं नावच चमत्कार! मिलाग्रीस सायबीण, म्हणजे पोर्तुगीजमध्ये चमत्कारांची माता. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी सोमवारी तिचं फेस्त असतं आणि रांगेत ख्रिस्ती जेवढे तेवढेच हिंदू, हातात तेलाची बाटली घेऊन. लोक मानतात की ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक. दोघींच्या उत्सवात एकमेकींकडे तेल आणि मोगऱ्याची फुलं जायची रीत आमचे जुने लोक सांगतात. देवळातला आणि इगर्जीतला, म्हणजे चर्चमधला, हा घरोबा मला कुठल्याही चमत्काराहून मोठा वाटतो.

एक माहिती द्यायची होती. कॅथलिक चर्चमध्ये चमत्कार हा शब्द सहजासहजी वापरत नाहीत, निदान कागदावर तरी. कुणाला संत घोषित करायचं तर बरं झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांच्या मंडळापुढे जातात. आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, ते टिकलं का, आणि औषधोपचाराने त्याचा उलगडा होतो का, हे सगळं विचारतात. अठराव्या शतकात लाम्बेर्तिनी यांनी, जे पुढे पोप झाले, हे निकष घालून दिले. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून कोट्यवधी आजारी माणसं गेली असतील. चर्चने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेली प्रकरणं सत्तरच्या आसपास आहेत.

आणि आमचे बाणावलीचे जुझे वाझ! सतराव्या शतकात डच अमलातल्या श्रीलंकेत लपतछपत जाऊन त्यांनी लोकांची सेवा केली. कँडीला देवीच्या रोगाची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांना हाताने भरवलं, धुतलं. दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला अशी कथाही आहे. पण २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं तेव्हा नेहमी लागणारा दुसरा चमत्कार मागितला नाही. गोंयकार म्हणून मला त्याचा फार अभिमान आहे. त्यांनी साथीत केलेलं काम पुरेसं ठरलं असं मी समजतो.


नालंदा_नागपूर

सर्वांना जयभीम. म्हापशेकार यांचं वाचून बौद्ध परंपरेतलं एक आठवलं. दीघनिकायात केवट्ट नावाचा गृहस्थ बुद्धांना म्हणतो, भिक्खूंकडून ऋद्धीचे चमत्कार दाखवा, नालंदेचे लोक आणखी श्रद्धा ठेवतील. बुद्ध नकार देतात. तीन प्रकारची प्रातिहार्यं, म्हणजे चमत्कार, सांगतात: ऋद्धी दाखवणं, दुसऱ्याच्या मनातलं सांगणं, आणि उपदेश, म्हणजे शिकवण. पहिल्या दोन्हींचा आपल्याला कंटाळा आणि तिटकारा आहे असं सांगून तिसरं ते मोठं मानतात. माणूस शिकून बदलतो ते. पिंडोल भारद्वाजाने उंचावर टांगलेलं चंदनाचं पात्र हवेत उडून आणलं तर बुद्धांनी त्याची कानउघाडणी केली आणि भिक्खूंना लोकांपुढे असलं काही दाखवायला बंदी घातली.

माझी आजी निरक्षर होती. तिची नात आज प्रयोगशाळेत काम करते. आमच्या वस्तीत कुणी याला चमत्कार म्हणत नाही. बाबासाहेबांचं नाव घेतात, आणि शाळेचं.


ओंजळभर

मी या धाग्यावर आई म्हणून लिहिते आहे. माझी लेक तिसाव्या आठवड्यात झाली. आज ती पळते, भांडते, शाळेत जाते.

रानजाई ताई, तुमचं सगळं खरं आहे. सरफॅक्टंट, पेटी, कांगारू, सगळं मी शिकले. वहीत दुधाचे मिलीलिटर लिहून ठेवले, आलेखावर वजनाचा ठिपका वर सरकला की नवऱ्याला फोन केला. सगळं समजत असूनही मी चमत्कारच म्हणते. कारण शेजारच्या पेटीतल्या बाळालाही तेच औषध होतं, त्याच सिस्टर होत्या, त्याचं वजन माझ्या लेकीहून थोडं जास्तच होतं, आणि ते राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग झाला, आम्ही सगळं केलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण माझी राहिली आणि ते राहिलं नाही, या फरकाला मी काय म्हणू? ‘योगायोग’ म्हणायला मला धजत नाही. त्या आईला मी अजून दिवाळीला फोन करते. तिच्यापुढे हा शब्द मी कधीही काढलेला नाही. पण माझ्या मनात तो आहे, आणि तो मला नम्र ठेवतो.


प्रश्नचिन्ह

ओंजळभर ताई, तुमच्या मनातल्या शब्दावर माझा आक्षेप नाही. माझा सगळा विरोध त्या शब्दाचं दुकान मांडणाऱ्यांना आहे. एक मात्र आवर्जून म्हणेन. शेजारच्या बाळाचा जंतुसंसर्ग हा प्रश्न म्हणून उरला पाहिजे. सिस्टरमागे बाळं किती होती, हात धुवायला पाणी होतं का, हे विचारलं गेलं पाहिजे. ‘नशीब’ म्हटलं की ही चौकशी बंद होते.


रानजाई (धागाकर्ती)

ओंजळभर, तुमची पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही म्हणता तो फरक आम्हालाही छळतो. एकाच पाळीत, एकाच हाताने दिलेलं एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला पडत नाही. तिथे माझ्याकडेही शब्द नाही. तुम्ही त्या आईला फोन करता हे वाचून फार बरं वाटलं.

प्रश्नचिन्ह यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एका सिस्टरकडे जेवढी बाळं असावीत त्याहून जास्त असली की हात धुण्याचे सेकंदसुद्धा कमी पडतात. संसर्ग तिथूनच पसरतो.

आणि हे सगळं फक्त मोठ्या कक्षातच होतं असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळ रडलं नाही तर काय करायचं, ऊब कशी द्यायची, न्यूमोनिया कसा ओळखायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं कोणती. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे त्याच धर्तीवर देशभर आशा ताई घरी जाऊन बाळ तपासू लागल्या, पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा. तुमच्या गल्लीत खांद्यावर पिशवी घेऊन येणारी आशा ताई हेच काम करते. तिला पाणी विचारा आणि बाळ उघडून दाखवा. थंडी लागेल म्हणून गुंडाळलेलं बाळ लांबूनच दाखवलं तर तिला श्वास मोजता येत नाही.


चैत्रपालवी

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहावंच लागतंय. माझ्या बहिणीला एकतिसावा आठवडा चालू आहे. पोटात कळा येताहेत म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन सुरू केलं आणि जिल्ह्याला जायला सांगताहेत. सासूबाई म्हणताहेत, कळा थांबल्या आहेत, देवाने ऐकलं, आता कशाला हलवायचं. ताई, ते इंजेक्शन तुम्ही सांगितलेलं मेंढ्यांचंच का? जावं का?


रानजाई (धागाकर्ती)

चैत्रपालवी, हो, लगेच निघा. तुम्हाला व्यक्तिगत निरोपही केला आहे.

ते इंजेक्शन बहुतेक डेक्सामेथासोनचं असणार, बाळाच्या फुप्फुसांसाठी. त्याचे बारा बारा तासांनी चार डोस असतात. पहिला कधी दिला ती वेळ कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बरोबर न्या, म्हणजे पुढचा डोस तिथे वेळेवर मिळेल. कळा थांबल्या ही चांगली गोष्ट आहे. त्या थांबल्या आहेत तोवरच प्रवास सोपा. बाळ पोटात असताना हलवणं हे जन्मल्यावर हलवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं, कारण आईच्या पोटाइतकी ऊब कुठल्याच गाडीत नसते. १०८ ला फोन करा. जिथे जाताय तिथे नवजात कक्षात जागा आहे का हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच विचारायला सांगा, ते करतात. बहिणीला डाव्या कुशीवर झोपवून न्या. पाणी सुटलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर गाडीतल्या डॉक्टरांना ताबडतोब सांगा.

सासूबाईंना म्हणावं, देवाने ऐकलं म्हणूनच वेळ मिळाला आहे, तो वाया घालवू नका. पोचलात की इथे कळवा, मी रात्रपाळीला आहे, मध्ये मध्ये बघत राहीन.


चैत्रपालवी

गाडी आली. निघतोय.